खिशांतील दूरध्वनीचा पत्ता



मुलगा रात्रीच्या गाडीनें पुण्याहून नागपुरास निघाला आहे, आणि खुशाली विचारण्यासाठीं आई घरून त्यास फोन करिते. गाडी धांवत आहे. मुलाच्या खिशांतील मोबाइलला कोणतीही तार जोडलेली नाहीं. तरी कांहीं क्षणांतच त्याची घंटा वाजते. त्याला शोधलें कोणी?

पुष्कळांची समजूत अशी, कीं हें काम रस्त्याकडेच्या मनोऱ्यांचें. परंतु मनोरा हा केवळ कान व तोंड. बुद्धि व स्मरण हीं दूर ठेवलेल्या संगणकांत असतात. त्या संगणकांसच जाळ्याचा गाभा म्हणतात.

गाभ्याचें पहिलें काम ओळख पटविण्याचें. सिमकार्डांत शून्य व एक यांच्या निदान १२८ अंकांची एक गुप्त किल्ली असते. तीच गाभ्याच्या नोंदवहींतही जपलेली असते. ही किल्ली हवेंतून कधींही पाठविली जात नाहीं. गाभा एक संख्या पाठवितो. सिमकार्ड किल्लीच्या साहाय्यानें तिचें उत्तर काढतें. गाभाही तेंच गणित करितो. उत्तरें जुळलीं म्हणजे ग्राहक खरा. १९९१ सालीं फिनलंडमध्यें सुरू झालेल्या दुसऱ्या पिढीच्या जाळ्यांत ही परीक्षा एकतर्फी होती. तोतया मनोऱ्यानें फसवूं नये, म्हणून तिसऱ्या पिढीपासून मोबाइलही जाळ्याची परीक्षा घेऊं लागला.

दुसरें काम ठावठिकाण्याचें. विजेची बचत व्हावी म्हणून, बोलणें चालू नसतां, मोबाइल बहुतेक वेळ झोंपलेला असतो; ठराविक वेळानें क्षणभर जागा होऊन तो आपणांस हांक आहे काय, हें ऐकतो. तेव्हां गाभ्यास त्याचा नेमका मनोरा ठाऊक असेलच असें नाहीं. मनोऱ्यांचा समूह मात्र ठाऊक असतो. गाडीनें तो प्रदेश ओलांडला, कीं मोबाइल स्वतःच वर्दी देतो. आईचा फोन येतांच गाभ्याच्या आज्ञेनें त्या प्रदेशांतील मनोरे हांक देतात. मोबाइल ओ देतो, आणि ज्या मनोऱ्यास ओ मिळाली त्याच्यामार्फत बोलणें सुरू होतें.

म्हणजे आपला ठावठिकाणा कोणीतरी नोंदविल्यावांचून ही घंटा वाजणें शक्य नाहीं. हीच नोंद अपघातांत सांपडलेल्यास शोधण्यास उपयोगी पडते, आणि निरपराध मनुष्यावर पाळत ठेवण्यासही. यंत्रास हा भेद कळत नाहीं. ती वही कोणी, कोणत्या अधिकारानें व कशासाठीं उघडावी, हें ठरविणें कायद्याचें, आणि म्हणूनच आपणां सर्वांचें, काम आहे.