गाडीतला टेप उतरवताना

गाडीतला रेडिओ बाहेर कसा काढावा हे रेडिओवरूनच सांगायला बसलो आहे, याची माझी मलाच थोडी गंमत वाटते. पण विषय दिसतो तितका हलका नाही. आज खेडोपाडी दारात जुनी-नवी मोटार उभी असते. ती घरी आली की बहुधा पहिली इच्छा होते ती कंपनीने बसवलेला टेप काढून त्या जागी मोठा पडदा लावण्याची. टेप म्हणजे गाणी वाजवणारे यंत्र. फिती गेल्या तरी नाव राहिले, म्हणून मीही टेपच म्हणणार आहे.

आधी घडलेली हकीगत सांगतो. मी नवी मुंबईत नेरूळला राहतो आणि शाळेत विज्ञान शिकवतो. माझा मेहुणा जुन्नरकडचा. वाशीच्या बाजारात भाजी घेऊन त्याचे नेहमी येणे असते. त्याने इकडेच एक वापरलेली मोटार घेतली आणि त्याच संध्याकाळी एका दुकानात नेऊन टेप बदलून आणला. मी विचारले, "अरे, इतक्या लवकर कसा झाला?" तो म्हणाला, "दाजी, दहा मिनिटांचं काम! पोराने ओढला, कट-कट तारा कापल्या आणि नवा जोडून दिला." मला ते 'कट-कट' ऐकून बरे वाटले नाही, पण पाहुण्याच्या आनंदावर विरजण कशाला, म्हणून गप्प बसलो. ते गप्प बसणे चुकले.

सहाव्या दिवशी पडदा विझला. फ्यूज गेला होता. वाटेत कोणी तरी सांगितले म्हणून त्याने त्या जागी जास्त अँपिअरचा फ्यूज घातला. पडदा लागला, आणि तासाभराने घाटात डॅशबोर्डच्या आतून जळका वास आणि धूर येऊ लागला. गाडीत माझे सासरे होते, दोन मुले होती. मेहुण्याने प्रसंगावधान राखून गाडी कडेला घेतली, सगळ्यांना उतरवले आणि बॅटरीची तार काढली. कोणाला इजा झाली नाही. पण ती दहा मिनिटे आठवली की अजून अंगावर काटा येतो.

आम्ही नंतर आत पाहिले. कापलेल्या तारा नुसत्या पिळून काळी चिकटपट्टी गुंडाळली होती. उन्हाने पट्टीचा चीक सुटला, गाडीच्या हादऱ्याने ती सरकली आणि उघडी तार लोखंडाला टेकली. फ्यूज गेला तो त्यामुळे. तो जाऊन सांगत होता की आत काही बिघडले आहे. आम्ही सांगणाऱ्याचेच तोंड बंद केले.

म्हणून आज मी एकच गोष्ट सांगायला आलो आहे. काढायचे ते असे काढावे की तसेच्या तसे परत लावता यावे. चोरही गाडीतला टेप काढतो आणि कारागीरही काढतो. एके काळी टेपची चोरी इतकी होई की पुढची पट्टी सुटी करून खिशात घालून नेता येईल असे टेप निघाले. चोराला परत लावायचे नसते, म्हणून तो तारा कापतो. आपली वस्तू आपणच चोरासारखी का काढावी?

आता हा टेप बसवलेला कसा असतो ते पाहू. मोटारीत रेडिओ घालण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेत गॅल्विन बंधूंनी १९३० साली मोटारीचा रेडिओ बाजारात आणला आणि त्याला मोटोरोला हे नाव दिले. आपल्याकडे पुढे कित्येक वर्षे बऱ्याच गाड्या टेपविना विकल्या जात, आणि मालक आपल्या आवडीचा टेप त्या जागी बसवी. हे जमत असे ते मापामुळे. जर्मन मानक संस्थेच्या नावावरून 'डिन' म्हणतात ते हे माप: रुंदी १८० मिलिमीटर आणि उंची ५० मिलिमीटर. याच्या दुप्पट उंचीचे, म्हणजे १०० मिलिमीटरचे, ते 'डबल डिन'. कोणत्याही देशाचा टेप कोणत्याही देशाच्या गाडीत बसावा, म्हणून हा एक करार. शेतीच्या अवजारांना ठरावीक मापाचे बोल्ट असतात, त्यातलाच हा प्रकार.

पुढे कंपन्यांनी टेप डॅशबोर्डच्या आकारातच घडवला. मग तो नुसता ओढून निघेना. त्याच्या भोवतीची प्लॅस्टिकची चौकट क्लिपांवर बसलेली असते. चौकट निघाली की आत बहुधा चार स्क्रू दिसतात. ते काढले की टेप पुढे सरकतो, आणि मागे तारांचे कपलर व एरियलची गोल पिन असते. काही जुन्या टेपना पुढे दोन्ही बाजूंना दोन-दोन भोके असतात. त्यांत नालेच्या आकाराच्या तारेच्या चाव्या घातल्या की आतली पकड सुटते. तेव्हा बळ लावण्याआधी पकड कुठे आहे ते शोधावे. ज्या वस्तूला बळ लागते तिथे बहुधा एखादा स्क्रू आपल्या नजरेतून सुटलेला असतो.

काम सावलीत करा. हातातली अंगठी, कडे, घड्याळ काढून ठेवा. बारा व्होल्टचा झटका बसत नाही हे खरे, पण मोटारीच्या बॅटरीतून शेकडो अँपिअर प्रवाह निघू शकतो. धातूची अंगठी मध्ये सापडली तर क्षणात तापून बोट भाजते.

मग किल्ली काढून घ्या आणि बॅटरीचे ऋण टोक, म्हणजे वजा खुणेचे टोक, आधी सोडवा. बऱ्याच गाड्यांना १० नंबरचा पाना लागतो. परत जोडताना हेच टोक शेवटी जोडायचे. असे का? शिक्षक मित्रांनी हे मुलांना जरूर सांगावे. मोटारीत प्रत्येक दिव्याला बॅटरीपासून एकच तार जाते. प्रवाहाची परतवाट म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा, आणि ऋण टोक त्या सांगाड्याला जोडलेले असते. आधी धन टोक सोडवायला गेलात आणि पाना घसरून पत्र्याला लागला, तर पाना स्वतःच तार बनतो आणि ठिणग्या उडतात. ऋण टोक आधी सोडवले की परतवाटच बंद होते. मग पाना लागला तरी बाधत नाही.

वर्गात हे दाखवायला दीड व्होल्टचा सेल, विजेरीचा छोटा दिवा आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा पुरे. सेलचे ऋण टोक तारेने डब्याला जोडा. धन टोकापासून तार दिव्याला न्या. दिव्याचे दुसरे टोक डब्याला कुठेही टेकवा, दिवा लागतो. रंग असेल तिथे लागणार नाही, खरवडलेत की लागेल. मुले हा प्रयोग विसरत नाहीत. मात्र तो सेलवरच करा. मोटारीची बॅटरी वर्गात आणू नका.

बॅटरी सोडवल्यावर लगेच आत हात घालू नका. नव्या गाड्यांत एअरबॅग असते आणि बॅटरी तोडली तरी तिच्या यंत्रणेत काही मिनिटे विजेचा भार साठून राहतो. किती वेळ थांबायचे ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. एअरबॅगच्या तारा व कपलर ओळखू यावेत म्हणून बहुधा पिवळे असतात. पिवळे कपलर दिसले तर त्याला स्पर्श करायचा नाही. आणखी एक: काही टेप बॅटरी तुटली की परत सुरू होताना सांकेतिक आकडा मागतात. चोराला टेप निरुपयोगी व्हावा म्हणून ही योजना आहे. पण आकडा लिहिलेला कागद हरवला तर ती मालकालाही नडते. म्हणून तो आधी शोधून ठेवा.

चौकट काढायला लोखंडी स्क्रू-ड्रायव्हर नको, प्लॅस्टिकची पट्टी घ्या. बरीच वर्षे ऊन खाल्लेले प्लॅस्टिक ठिसूळ झालेले असते. एका कोपऱ्यापासून सुरुवात करून हळूहळू पुढे जावे. प्रत्येक क्लिप सुटताना 'टक्' असा आवाज येतो. गिअरच्या दांड्यावर जुना टॉवेल टाका, म्हणजे टेप घसरला तरी ओरखडा येणार नाही. स्क्रू वाटीत ठेवा. आणि प्रत्येक पायरीला मोबाइलने छायाचित्र घ्या. परत लावताना त्याचा फार उपयोग होतो.

मागचे कपलर काढताना तारा ओढू नका. कपलरवर एक छोटी जीभ असते, ती दाबून कपलरच धरून मागे घ्या. खाडीकाठच्या आमच्या दमट हवेत कधी कधी पितळी टोकांवर हिरवट थर चढलेला दिसतो; तो असला तर कपलर घट्ट वाटतो. धीर धरा, हलवत हलवत काढा.

इथे तो कापण्याचा मोह येतो, कारण नव्या टेपचे कपलर वेगळे असते. त्यावर उपाय सोपा आहे. गाडीच्या मूळ कपलरमध्ये बसणारा आणि दुसऱ्या टोकाला नव्या टेपशी जुळणारा तयार जोड बाजारात मिळतो. आपल्या गाडीचे नाव आणि साल सांगून तोच मागा. तो नसेल तर दुकान बदला, तारा कापू देऊ नका. हमीच्या काळातल्या गाडीची वायरिंग कापली तर कंपनी त्या बिघाडाची हमी नाकारू शकते, हेही ध्यानात ठेवा.

बाजारातल्या टेपच्या तारांचे रंग बहुधा असे असतात: पिवळी म्हणजे कायम वीज, लाल म्हणजे किल्ली फिरवल्यावर येणारी वीज, काळी म्हणजे अर्थिंग. पांढरी पुढच्या डाव्या स्पीकरची, राखाडी पुढच्या उजव्या, हिरवी मागच्या डाव्या आणि जांभळी मागच्या उजव्या. त्याच रंगावर काळी रेघ असेल तर ते त्या स्पीकरचे ऋण टोक. पण हे रंग टेपच्या बाजूचे. गाडीच्या बाजूला प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे, म्हणून डोळे झाकून रंगाला रंग जोडू नका. आणि स्पीकरचे ऋण टोक म्हणून ते सांगाड्याला कधीही जोडू नका; हल्लीच्या टेपमध्ये तसे केल्यास टेप बिघडतो. फ्यूजचेही तसेच. चपट्या फ्यूजमध्ये लाल १० अँपिअरचा, निळा १५ चा. गेलेल्या फ्यूजच्या जागी तेवढ्याच अँपिअरचा घालावा. तोही गेला तर कारण शोधावे. मोठा फ्यूज किंवा चांदीचा कागद घालणे म्हणजे आगीला वाट करून देणे.

आता शेवटची गोष्ट. टेप काढण्याआधी त्यात काय काय आहे ते पाहा. नव्या गाड्यांत मागे घेताना दिसणारा कॅमेरा, कधी थंड हवेची बटणे, कधी गाडीच्या सूचनासुद्धा त्याच पडद्यावर असतात. अशा गाडीतला पडदा नुसता टेप समजून काढू नये. जुन्या टेपचेही एक काम आपण विसरतो. धुराच्या प्रसंगानंतर सासरे आम्हाला म्हणाले, "बाबांनो, पडदा जळला त्याचं मला काही नाही. पण तो होता तेव्हाही त्यात माझं शेतीचं बोलणं लागत नव्हतं." ते खरे होते. त्या पडद्याला मध्यम लहरींचा रेडिओच नव्हता. बाजारातल्या अनेक पडद्यांना तो नसतो. एफ. एम. ची लहर साधारण सरळ रेषेत जाते आणि डोंगराआड तोकडी पडते. मध्यम लहर जमिनीला धरून दूरवर जाते. घाटाखाली, दरीतल्या वाडीत आणि गावापासून लांबच्या शिवारात मध्यम लहरींवर आकाशवाणी ऐकणाऱ्यांना हा फरक मोठा आहे. म्हणून नवा पडदा घेताना दुकानदाराला विचारा: यात मध्यम लहर आहे का?

मेहुण्याने एक शहाणपण केले होते, जुना टेप दुकानात न सोडता डिकीत टाकला होता. एका रविवारी नेरूळला घराखाली आम्ही दोघांनी तो परत बसवला. काढायला पोराला दहा मिनिटे लागली होती. परत लावायला आम्हाला सकाळपासून दिवेलागण झाली, कारण कापलेली एकेक तार ओळखायची, तिला डाग द्यायचा आणि वर नळी चढवायची. कपलर शाबूत असते तर तेवढ्यालाच दहा मिनिटे पुरली असती. शेवटी ऋण टोक जोडले, किल्ली फिरवली आणि आधी खरखर आणि मग माणसाचा आवाज आला. सासरे मागच्या सीटवर बसले होते. ते काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले, "जरा मोठा कर."

तेव्हा श्रोतेहो, गाडीतला टेप असो, विहिरीवरचा पंप असो की शाळेतली घंटा, उकलायला बसाल तेव्हा परत जोडण्याची तयारी आधी करा. आणि कोणी कापायला निघाला तर त्याला वेळीच थांबवा. माझ्यासारखे गप्प बसू नका.