स्क्रीन लुकलुकली म्हणजे कॉम्प्युटर गेला असं नाही

(मासिक बैठकीत क्षेत्र समन्वयकांनी केलेल्या बोलण्याचा मजकूर)



आज परतफेडीचं बोलणार नाही, त्यामुळे मान वर करून बसलात तरी चालेल.

मागच्या महिन्यात एका ग्रामसंघातून फोन आला, "मॅडम, स्क्रीन लुकलुकतेय." दोन दिवसांनी बँकेत कर्ज प्रस्तावांची यादी द्यायची होती, आणि ती कॉम्प्युटरमध्ये. दुरुस्तीवाला आला, उभ्याउभ्या बघितलं आणि म्हणाला स्क्रीन गेली, नवी घ्या, सहा हजार. आता हिशोब करा. दहा जणींचा गट महिन्याला प्रत्येकी शंभर रुपये बचत करतो, तर सहा हजार म्हणजे त्या गटाची सहा महिन्यांची बचत. ठरावही लिहायला घेतला होता. शेवटी निघालं काय, तर स्क्रीनच्या मागची केबल सैल. दोन स्क्रू हाताने आवळले आणि काम झालं.

प्रत्येक वेळी एवढं सोपं नसतं. पण बघायचं कुठून, ते तुम्हाला माहीत पाहिजे.

पहिलं बघा, लुकलुकणं सुरू कधी होतं. बटण दाबल्यावर आधी कंपनीचं नाव येतं, मग विंडोज सुरू होतं. कंपनीचं नाव येतानाच लुकलुकत असेल, तर दोष बहुतेक केबलचा, स्क्रीनचा नाहीतर लाइटचा. विंडोज सुरू झाल्यावरच लुकलुकत असेल, तर आतल्या प्रोग्रामचा संशय घ्यायचा.

केबल तपासताना आधी कॉम्प्युटर नीट बंद करा, मेन बटणही बंद. निळ्या टोकाची केबल दोन्ही बाजूंनी काढा, आतली एखादी पिन वाकली का बघा, सरळ बसवून स्क्रू आवळा. लॅपटॉप असेल तर झाकण हळूहळू मागेपुढे करा. एका ठराविक जागी चित्र हलत असेल तर बिजागरीजवळची आतली वायर गेलीय, ते आपल्या हातचं नाही. लॅपटॉप कोणाच्या तरी टीव्हीला जोडून बघता येतो. टीव्हीवर चित्र स्वच्छ दिसलं तर लॅपटॉपच्याच स्क्रीनचा किंवा त्या वायरचा दोष.

आणि लाइट! आपल्याकडे काही ग्रामसंघांची मिरची कांडप मशीन आणि कॉम्प्युटर एकाच बोर्डावर आहेत. मशीन सुरू झाली की बल्ब मंद होतो आणि स्क्रीनही हलते. मग दोष कॉम्प्युटरचा कसा? वायरमनकडून वेगळा पॉइंट काढून घ्या.

आता आतला दोष. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर नावाची खिडकी उघडेल. स्क्रीनवरचं बाकीचं लुकलुकतंय आणि ही खिडकी मात्र स्थिर आहे, तर एखादा प्रोग्राम त्रास देतोय. नुकतं काय नवीन टाकलं ते आठवा, ते अपडेट करा किंवा काढा. पण ही खिडकीसुद्धा सगळ्यांसोबत लुकलुकत असेल, तर डिस्प्ले ड्रायव्हर बिघडलाय. ड्रायव्हर म्हणजे स्क्रीनवर चित्र कसं काढायचं ते कॉम्प्युटरला सांगणारा छोटा प्रोग्राम. अपडेटनंतर कधीकधी त्याचं जमत नाही. अशा वेळी स्टार्टच्या चिन्हावर राइट क्लिक करा, डिव्हाइस मॅनेजर उघडा, डिस्प्ले अडॅप्टरखालच्या नावावर दोनदा क्लिक करा, ड्रायव्हरमध्ये जाऊन रोल बॅक ड्रायव्हर दाबा. म्हणजे आधीचा परत येतो. ते बटण फिकट दिसलं तर आधीचा शिल्लक नाही असं समजा, आणि मला फोन करा.

यावरून कोणी म्हणेल, मग अपडेट बंदच करून टाकू. तसं नको. चोराला शिरायची फट अपडेटने बुजते, आणि आपल्या कॉम्प्युटरमध्ये सगळ्या गटांचे खातेनंबर आहेत. वेळ मात्र आपण ठरवायची. बँकेचं काम तोंडावर असेल तर सेटिंगमध्ये विंडोज अपडेटला जाऊन एक आठवडा थांबवता येतं. मोबाइलच्या नेटवर चालवत असाल तर त्या कनेक्शनला मीटर्ड करून ठेवा, नाहीतर दिवसाचा डेटा सकाळीच संपतो. अपडेट चालू असताना मधेच बंद करू नका. लाइट जायच्या वेळेला तर सुरूच करू नका.

आणखी एक. विंडोज १० ला मिळणारी नेहमीची मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. कॉम्प्युटर त्या दिवशी बंद पडला नाही, पण फटी बुजवणं थांबलं. वाढीव सुरक्षेसाठी वेगळी नोंदणी करावी लागते, तीही ठराविक मुदतीपुरतीच. म्हणून कोणी जुना कॉम्प्युटर स्वस्तात देतो म्हणाला, तर आधी विचारा, यावर विंडोज ११ चालतं का.

स्क्रीनवर लाल अक्षरात "व्हायरस आलाय, या नंबरवर फोन करा" असं आलं तर फोन करायचा नाही. खरं विंडोज असा फोन नंबर देत नाही. समोरचा एखादं ॲप टाकायला लावतो आणि आपला कॉम्प्युटर त्याच्या हातात जातो. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर कळवा, दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

दुरुस्तीला द्यायची वेळ आलीच, तर आधी हिशोबाच्या फाइल पेन ड्राइव्हवर घ्या. फॉरमॅट मारू का विचारलं तर त्याआधी परत एकदा बघा. बिल घ्या, बदललेला जुना भाग परत मागा. लाजायचं काय त्यात, मिक्सरचं भांडं बदललं तर आपण जुनं परत आणतोच की.

एक गोष्ट मला अजिबात आवडली नाही ती सांगते. स्क्रीन लुकलुकली की पहिलं बोट ऑपरेटर मुलीकडे, "हिनेच काहीतरी दाबलं." दोन ठिकाणी मुली आता कॉम्प्युटरला हात लावायला घाबरतात. बटण दाबून केबल सैल होत नाही हो.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक ग्रामसंघाने एक काम करा. विंडोजचं बटण आणि आर दाबा, चौकटीत डब्ल्यू, आय, एन, व्ही, ई, आर लिहून एंटर करा. तिथे विंडोजचा जो आकडा येईल तो वहीत लिहून आणा. आणि कोणाकडे निळ्या टोकाची केबल जास्तीची पडली असेल तर तीही घेऊन या, एका ग्रामसंघाच्या केबलची पिन वाकलेली आहे.