अभ्यासक्रमात एक, लॅबमध्ये दुसरंच

सीबीएसईच्या नववी-दहावीला ‘इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी’ नावाचा विषय आहे, कोड ४०२. दिल्लीत मयूर विहारच्या तिन्ही फेजमध्ये तो घेतलेली मुलं भेटतील. या विषयाच्या अभ्यासक्रमात दस्तऐवज, स्प्रेडशीट आणि डेटाबेस शिकवायचे ते लिबरऑफिसमधून, म्हणजे कुणीही उतरवून घ्यावं, कितीही संगणकांवर टाकावं अशा मुक्त सॉफ्टवेअरमधून. पुष्कळ शाळांच्या लॅबमध्ये मात्र पडद्यावर मायक्रोसॉफ्टचं वर्ड उघडलेलं असतं. स्टाइल्सच्या धड्यात एफ-११ दाबायचं, की लिबरऑफिसमध्ये बाजूला स्टाइल्सची पट्टी उघडते. वर्डमध्ये तीच कळ दाबली तर तसं काही होत नाही. पोरगं पुस्तकाकडे बघतं, मग पडद्याकडे, आणि शेवटी पायऱ्या पाठ करून मोकळं होतं.

अकरावी-बारावीत संगणकशास्त्र घेतलं तर पायथन आणि मायएसक्यूएल. दोन्हींचा कोड खुला आहे. म्हणजे शाळेत मुक्त सॉफ्टवेअर आणावं की नाही हा वाद आपण घालत बसलोय, आणि ते मागच्या दाराने येऊन बसलंसुद्धा. वर्गात ते नीट वापरलं का जात नाही, एवढाच प्रश्न आता उरतो.

त्याचं उत्तर शोधताना मराठी माणसाला आधी कर्जतकडे बघावं लागतं. रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यात खैराट-धनगरवाडा नावाची छोटी वस्ती आहे. तिथे पहिली ते चौथीची शाळा, एक खोली, एकच गुरुजी आणि बावीसेक मुलं. २००७ च्या पावसाळ्याच्या अखेरीस या मुलांच्या हाती हिरवे-पांढरे, कानांसारखे अँटेना उभारलेले छोटे लॅपटॉप आले. ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या जागतिक उपक्रमाचा भारतातला हा पहिला प्रयोग. आत लिनक्स ही मुक्त कार्यप्रणाली, त्यावर ‘शुगर’ नावाची मुलांसाठी रचलेली मांडणी. फाइल-फोल्डरची भानगड नाही. जे केलं ते ‘जर्नल’मध्ये आपोआप नोंदलं जाई. आणि कीबोर्डवर एक गंमत होती: एफएन दाबून दाताळ्या चाकाचं चित्र असलेली स्पेसबारची कळ दाबली, की चालू असलेल्या कार्यक्रमाचा मूळ कोड समोर यावा, अशी सोय. चौथीतलं पोर तो कोड वाचेल अशी कुणाचीच अपेक्षा नव्हती. पण यंत्राचं झाकण उघडता येतं हे त्याला कळावं, हा त्यामागचा विचार आजही बिनतोड वाटतो.

इकडे दिल्लीत, केंद्राच्या शिक्षण खात्यात, शास्त्री भवनात, याच लॅपटॉपला आदल्या वर्षी नकार मिळाला होता. चकचकीत साधनांपेक्षा वर्गखोल्या आणि शिक्षक यांची गरज जास्त तातडीची आहे, असं तत्कालीन शिक्षण सचिव सुदीप बॅनर्जी यांचं म्हणणं. त्या वेळी अनेकांनी त्याला नोकरशाहीचा खोडा म्हटलं. आज मागे वळून पाहिलं तर बॅनर्जींचा मुद्दा अर्धा तरी खरा होता. शंभर डॉलरचा म्हणून गाजलेला लॅपटॉप प्रत्यक्षात दोनशेच्या घरात गेला, आणि खैराटचा प्रयोग राज्याचं धोरण काही झाला नाही. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातले नागार्जुन जी. आणि त्यांचे सहकारी या शाळेत रस घेत राहिले, म्हणून तिथल्या मुलांच्या शिकण्याची नोंद तरी झाली. बाकी महाराष्ट्राने ती गोष्ट बातमी म्हणून वाचली आणि सोडून दिली.

मग केरळला काय वेगळं जमलं? तिथे उपकरणापासून सुरुवात झालीच नाही. ‘आयटी@स्कूल’ हा सरकारी प्रकल्प २००१-०२ च्या सुमारास सुरू झाला तेव्हा तोही विंडोजच्याच वाटेने निघाला होता. एका कंपनीचं सॉफ्टवेअर सरकारी शाळेत सक्तीने का शिकवायचं, यावर शिक्षक संघटनांनी आवाज उठवला. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रणेते रिचर्ड स्टॉलमन २००१ मध्ये तिरुवनंतपुरमला येऊन गेले होते, त्यामुळे हवा होतीच. पण निर्णायक ठरली ती परीक्षा. २००५ मध्ये दहावीच्या शालान्त परीक्षेत आयटी आलं, आणि पुढच्या काही वर्षांत ती परीक्षा पूर्णपणे लिनक्सवर गेली. ज्या दिवशी प्रॅक्टिकलचे गुण लिनक्सवर मिळू लागले, त्या दिवशी लॅब बदलली, पुस्तक बदललं, आणि ‘सर, हे कुठे वापरतात?’ असं विचारणारा पालकही गप्प झाला.

दुसरी गोष्ट शिक्षकांची. शाळांसाठीची लिनक्सची आवृत्ती घडवण्यात शिक्षक होते, आणि बाकीच्या शिक्षकांना तयार करणारे मास्टर ट्रेनरही शिक्षकच. २०१८ पासून ‘लिटल काइट्स’ नावाची मुलांची मंडळं आहेत. लॅबमधल्या लहानसहान अडचणी मुलंच निस्तरतात. २०१९ मध्ये केरळच्या यंत्रणेने सांगितलं की दोन लाखांवर संगणकांसाठी परवाने घ्यावे न लागल्याने सुमारे ३००० कोटी रुपये वाचले. आकडा त्यांचा आहे, हिशोबाची पद्धतही त्यांचीच. पण त्यातला दहावा हिस्सा धरला तरी रक्कम लहान नाही.

महाराष्ट्रात नेमकं उलटं घडलं. एमकेसीएलचा एमएस-सीआयटी हा संगणकाचा अभ्यासक्रम गावोगाव पोचला, हे काम मोठंच. लाखोंनी माऊस पहिल्यांदा तिथे धरला. पण तो अभ्यासक्रम विंडोज आणि एमएस ऑफिसवर बेतलेला, आणि सरकारी नोकरीसाठी त्याचं प्रमाणपत्र लागणार. मग कोणता मुख्याध्यापक शाळेत लिनक्स टाकण्याच्या फंदात पडेल? बिचाऱ्या मुख्याध्यापकाला दोष देण्यात अर्थ नाही. परीक्षा जिकडे, तिकडे वर्ग.

धोरणं कमी नाहीत. शाळांसाठीच्या २०१२ च्या राष्ट्रीय आयसीटी धोरणात मुक्त सॉफ्टवेअरला पसंती आहे, २०१५ मध्ये केंद्र सरकारने आपल्या कारभारासाठीही तेच ठरवलं. साहित्यही आहे. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने उभे राहिलेले ‘स्पोकन ट्युटोरियल’ हे व्हिडिओ धडे दहा-दहा मिनिटांचे आहेत आणि मराठीतही आहेत. आवाज मराठी, पडदा इंग्रजी, कारण नोकरीत पडदा इंग्रजीच भेटणार. अर्ध्या पडद्यावर धडा, अर्ध्यावर सॉफ्टवेअर, असं बघत-बघत करायचं. वसई असो की विदर्भ, शिक्षक नसला तरी मूल अडत नाही.

शाळेच्या कारकुनालाही यात स्वार्थ आहे. दिल्लीत कृतिदेवमध्ये आणि महाराष्ट्रात श्रीलिपीत टाइप केलेल्या जुन्या प्रश्नपत्रिका दुसऱ्या संगणकावर उघडल्या की चिन्हांचा भात होतो. युनिकोडमध्ये, इनस्क्रिप्टने टाइप केलं आणि मुक्ता किंवा बलूसारखा मोफत फाँट वापरला, की हा त्रास संपतो.

आता आक्षेप. फुकट ते पौष्टिक, ही म्हण इथे लागू करू नये. लायसन्सचे पैसे वाचतात, प्रशिक्षणाचे नाही. जुना प्रिंटर लिनक्सवर हट्ट धरू शकतो, स्मार्ट बोर्डवाली कंपनी विंडोजशिवाय हात लावत नाही. ‘मोफत’ दिसणारं सगळं मुक्त असतं असंही नाही: गणिताच्या तासाला लाडकं झालेलं जिओजेब्रा शाळांना विनामूल्य मिळतं, पण व्यापारी वापरावर त्याच्या अटी आहेत. ‘कंपनीत वर्डच लागतं’ हेही खरं, फक्त अर्धवट. स्टाइल, अनुक्रमणिका, मेल मर्ज या संकल्पना ज्याला कळल्या त्याला दुसऱ्या खिडकीतलं बटण शोधायला तासभर पुरतो.

उलट बाजूने एक तारीख शाळांच्या विरोधात उभी आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला. अनेक जुने संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. शाळा एकतर नवे घेणार, किंवा असुरक्षित तसेच चालवणार, किंवा त्यावर हलकं लिनक्स टाकून आणखी काही वर्षं काढणार. मयूर विहारच्या व्यवस्थापन समित्यांवर, पालक सभांत मराठी मंडळी आहेत. पुढच्या पीटीएममध्ये त्यांनी दोनच प्रश्न विचारावेत: ४०२ चं प्रॅक्टिकल लॅबमध्ये कशावर करून घेता, आणि जुन्या संगणकांचं काय करणार आहात? उत्तर मिळेपर्यंत घरच्या लॅपटॉपवर लिबरऑफिस टाकून ठेवावं. पैसे लागत नाहीत, आणि परीक्षा त्याच्यावरच आहे.