वॉरंटीतील मोटार आणि ब्रेकची घरगुती दुरुस्ती

मोटार वॉरंटीत असताना तिचे ब्रेक मालकाने स्वतः बदलले तर कंपनीची संपूर्ण हमी रद्द होते, असा समज मोटारमालकांत सर्वदूर रूढ असून त्यापायी पुष्कळ माणसे, अंगी कसब असूनही, चाकाच्या नटाला हात लावीत नाहीत. हा समज कितपत खरा आहे हे तपासून पाहण्याची गरज मध्य प्रदेशातील लोधीखेड्यासारख्या गावी अधिकच जाणवते, कारण नागपूर-छिंदवाडा मार्गावर जवळपास मध्यावर वसलेल्या या गावातून मोठ्या अधिकृत कार्यशाळेपर्यंत जायचे म्हणजे एकीकडे सावनेरवरून नागपूर, नाहीतर दुसरीकडे सौसर ओलांडून आणि सिल्लेवानी घाट चढून छिंदवाडा, असा साठ-सत्तर किलोमीटरचा पल्ला पडतो, आणि तास-दोन तासांच्या कामासाठी अख्खा दिवस मोडतो.

वॉरंटी म्हणजे उत्पादकाने दिलेली अशी लेखी हमी की, ठरावीक वर्षे किंवा ठरावीक किलोमीटर यांपैकी जे आधी पूर्ण होईल तोपर्यंत, गाडीच्या एखाद्या भागात मालाचा किंवा बनावटीचा दोष निघाल्यास तो भाग कंपनी विनामूल्य दुरुस्त करून किंवा बदलून देईल. या व्याख्येतील ‘दोष’ हा शब्द निर्णायक आहे, कारण वापराने जे भाग झिजणारच, म्हणजे ब्रेकचे पॅड व शू, क्लचची तबकडी, वायपरची रबरे, त्यांची नैसर्गिक झीज हा दोष मानला जात नाही आणि गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत हे भाग सहसा हमीतून स्पष्टपणे वगळलेले असतात. याचा अर्थ असा की झिजलेले पॅड अधिकृत कार्यशाळेत बदलून घेतले तरी त्यांचे पैसे गिऱ्हाईकालाच मोजावे लागतात, आणि जी वस्तू हमीत कधी नव्हतीच ती स्वतः बदलल्याने इंजिनाची, गिअरपेटीची किंवा विजेच्या यंत्रणेची हमी बुडण्याचे तर्काला धरून कोणतेही कारण दिसत नाही. पुस्तिकेतील हे पान गाडी घेताना कोणी वाचत नाही, ही मात्र खेदाची गोष्ट आहे.

भारतात या प्रश्नाची सर्वांत सविस्तर चिकित्सा भारतीय स्पर्धा आयोगापुढे झाली. बाजारात निकोप चुरस राहावी म्हणून संसदेच्या कायद्याने स्थापन झालेल्या या आयोगाकडे २०११ मध्ये शमशेर कटारिया यांनी तक्रार नेली. मोटार कंपन्या सुटे भाग आणि बिघाड शोधण्याची उपकरणे स्वतंत्र गॅरेजांना मिळू देत नाहीत, त्यामुळे गिऱ्हाईक विक्रीनंतरही कंपनीच्याच दाराशी बांधलेले राहते आणि भागांचे दर मनमानी राहतात, असा तिचा आशय होता. आरंभी तीन कंपन्यांपुरती असलेली चौकशी पुढे विस्तारत गेली आणि २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. दंडाच्या आकड्याचा गाजावाजा झाला आणि त्यावरून कज्जेही पुढे वर्षानुवर्षे चालले. परंतु सामान्य मोटारमालकाच्या दृष्टीने त्या आदेशातील वॉरंटीविषयीचा निर्देश दंडापेक्षा मोलाचा आहे. स्वतंत्र मिस्त्रीकडून काम करून घेतले एवढ्याच कारणावरून सरसकट हमी रद्द करण्याची अट कंपनीने घालू नये, आणि बाहेर झालेल्या सदोष कामामुळे जे नुकसान झाले असेल तेवढ्यापुरतीच, तीही परिस्थितीने तसे स्पष्टपणे दाखवले तरच, हमी नाकारावी, असा तो निर्देश होता. आदेशाचा मुख्य रोख स्वतंत्र मिस्त्र्यांवर होता हे खरे असले तरी त्यामागील विचार, म्हणजे कामाचा आणि बिघाडाचा कार्यकारणसंबंध पाहिला पाहिजे हा विचार, मालकाने स्वतः केलेल्या कामालाही तितकाच लागू पडतो.

अमेरिकेत हेच तत्त्व १९७५ च्या वॉरंटी कायद्याने रुजले, आणि भारतात केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा आराखडा आखण्यासाठी समिती नेमली, तेव्हा शेतीची अवजारे, मोबाइल आणि घरगुती उपकरणे यांच्या जोडीला मोटारींचाही त्यात समावेश केला.

हक्क असला तरी वादाच्या वेळी पुरावा लागतो. समजा, पॅड घरी बदलल्यानंतर दोन महिन्यांनी त्याच चाकाचा बेअरिंग आवाज करू लागला, तर चाक उघडताना झालेल्या हलगर्जीपणाने तो खराब झाला असे कार्यशाळा म्हणू शकते, आणि तेव्हा मालकाच्या बाजूने बोलणाऱ्या वस्तू म्हणजे गाडीच्या मॉडेलला अनुरूप पॅडचे पक्के बिल, भागाचा क्रमांक छापलेला खोका, काम केल्याची तारीख व त्या दिवशीचे किलोमीटर यांची नोंद आणि काढलेल्या जुन्या पॅडचे छायाचित्र. कंपनीने तरीही हमी नाकारली तर नकाराचे कारण लेखी मागावे आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. राज्याच्या सीमेवर राहणाऱ्यांना येथे एक विशेष सोय झाली आहे: गाडी नागपुरात, म्हणजे महाराष्ट्रात, विकत घेतली आणि राहणे मध्य प्रदेशात, अशा गिऱ्हाईकाला पूर्वी बहुधा विक्रेत्याच्या जिल्ह्यात खेटे घालावे लागत, पण जुलै २०२० मध्ये अमलात आलेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार जेथे राहतो किंवा कामधंदा करतो तेथील जिल्हा आयोगाकडेही दाद मागण्याची मुभा दिली.

कायद्याची बाजू अशी अनुकूल असली तरी ब्रेक हा जीवावर बेतणारा भाग आहे, आणि म्हणून कामाची रीत हमीपेक्षाही अधिक काळजीने समजून घेतली पाहिजे. बहुतेक लहान मोटारींना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात. डिस्क म्हणजे चाकासोबत फिरणारी बिडाची तबकडी. तिला दोन्ही बाजूंनी पॅड दाबणारी पकड म्हणजे कॅलिपर. आणि पायाचा दाब तेथपर्यंत पोहोचवणारा द्रव म्हणजे ज्याला गॅरेजात ब्रेक ऑईल म्हणतात तो. नव्या पॅडवरील घर्षणाचा थर साधारण १० ते १२ मिलिमीटर असतो, आणि तो ३ मिलिमीटरच्या आसपास आला की पॅड बदलावेत असा संकेत आहे. छिंदवाड्याच्या पठारावरून सिल्लेवानी घाट उतरताना जो चालक खालच्या गिअरचा आधार न घेता सतत ब्रेकवर पाय ठेवतो त्याचे पॅड सपाट रस्त्यावरील हिशेबापेक्षा बरेच लवकर संपतात, शिवाय ते तापून त्यांची पकडही सैलावते.

पुढचे पॅड बदलताना गाडी सपाट व कठीण जमिनीवर घ्यावी, कारण शेताकडेच्या काळ्या मातीत जॅक रुततो. मागच्या चाकांना दगड किंवा ठोकळे लावावेत, नट जमिनीवरच थोडे सैल करावेत, आणि गाडी उचलल्यावर ती नुसत्या जॅकवर न ठेवता भक्कम स्टँडवर टेकवावी. कॅलिपर सोडवल्यावर तो आपल्या रबरी नळीवर लोंबकळू देऊ नये, तारेने वर बांधावा. नव्या जाड पॅडसाठी पिस्टन आत ढकलताना वरच्या डबीतील द्रवाची पातळी चढते, म्हणून डबीवर लक्ष ठेवावे, कारण सांडलेला द्रव रंग खातो. याच वेळी ज्या दोन पिनांवर कॅलिपर सरकतो त्या बाहेर काढून पाहण्याची तसदी पुष्कळजण घेत नाहीत. त्या धुळीने आणि वाळलेल्या ग्रीसने अडकल्या असतील तर एकच पॅड घासला जातो आणि नवा जोडही काही महिन्यांत वाकडा झिजतो. पिना पुसून त्यांना उष्णता सोसणारे खास ग्रीस लावावे, मात्र ते पॅडच्या किंवा तबकडीच्या पृष्ठभागाला लागू देऊ नये. ब्रेकची भुकटी तोंडाने किंवा हवेच्या नळीने उडवू नये, ओल्या फडक्याने टिपावी. पॅड नेहमी एका आसावरच्या दोन्ही चाकांचे एकदमच बदलावेत, नट फुलीच्या क्रमाने आवळावेत, आणि गाडी हलवण्यापूर्वी पेडल कडक लागेपर्यंत पुन्हा पुन्हा दाबावे. ही शेवटची गोष्ट विसरल्यास पहिल्या दाबाला पेडल थेट तळाला जाते आणि गाडी थांबत नाही.

घरी कुठपर्यंत जावे याची मर्यादा आखणेही आवश्यक आहे. ब्रेक ऑईल हवेतील ओलावा शोषते, डीओटी ४ या प्रतीच्या ताज्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो तो ओलाव्याने १५५ पर्यंत उतरू शकतो, आणि उकळलेल्या द्रवात वाफ झाली की ब्रेक लागत नाही. म्हणून तो साधारण दोन वर्षांनी बदलावा लागतो. चाके जाम होऊ न देणारी एबीएस ही यंत्रणा आता नव्या मोटारींत सक्तीची असल्याने, द्रव बदलताना नळी उघडून आतली हवा काढण्याचे काम आणि विजेवर चालणाऱ्या हँडब्रेकच्या मागील पॅडचे काम योग्य उपकरणे असलेल्या कार्यशाळेकडेच सोपवणे शहाणपणाचे ठरते. नियमित सर्व्हिसिंग वेळापत्रकाप्रमाणे न केल्यास हमीवर खरोखरच गदा येऊ शकते, तेव्हा त्यासाठी अधिकृत कार्यशाळेत जाणे होतेच. त्याच खेपेला घरी बसवलेले पॅड तपासून त्यांची मिलिमीटरमधील जाडी जॉब कार्डावर लिहून घ्यावी, म्हणजे त्या तारखेला ब्रेक सुस्थितीत असल्याची नोंद कंपनीच्याच कागदावर राहते.