रोलोच्या नातवाची शिकवणी

आज एका नातवाची गोष्ट सांगतो. ९११ साली फ्रँक राजा चार्ल्सनं रोलो या नॉर्स सरदाराला सेन नदीच्या मुखाकडचा मुलूख दिला. तीच पुढं नॉर्मंडी झाली. रोलोनं बाप्तिस्मा घेतला, त्याच्या माणसांनी तिथल्याच मुलींशी संसार थाटले. इतिहासकार दुदो लिहितो, की रोलोच्या नातवाला, रिचर्डला, डॅनिश शिकायला रुआँहून बायोला पाठवावं लागलं. रुआँत ती फारशी कुणी बोलेना. दोनच पिढ्या! १०६६ ला नॉर्मन इंग्लंडवर चालून गेले ते फ्रेंच बोलत. नॉर्स उरली गावांच्या नावांत: कोदबेकमधला 'बेक' म्हणजे ओढा. सत्ता त्यांचीच होती, तरी भाषा गेली. मला वाटतं, भाषा आधी घरात मिटते. तुम्ही धाकट्या भावंडांशी कुठल्या भाषेत बोलता, तेवढं आज बघा.