परवलीचा शब्द आणि त्याचा रखवालदार

(छत्रपती संभाजीनगर येथे अधिकारी, शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांच्यासमोर केलेले भाषण)



आपले शहर दरवाजांचे शहर म्हणून ओळखले जाते. मलिक अंबरने १६१२ मध्ये बांधविलेला भडकल दरवाजा आजही उभा आहे. तटबंदीच्या काळातील परवलीचा शब्द आता पासवर्ड होऊन संगणकावर आला आहे. मात्र पूर्वी येणारा खरा की खोटा हे पहारेकऱ्याने पाहायचे असे. आज दरवाजाच खरा की खोटा हे येणाऱ्याला पाहावे लागते.

ग्रामपंचायतीचा हिशेब ई-ग्रामस्वराजवर, शाळेची माहिती यू-डायसवर, शिवाय बँक आणि ई-मेल. साहजिकच एकच पासवर्ड सगळीकडे वापरला जातो, नाहीतर तो वहीच्या मागल्या पानावर लिहिला जातो. (माझा टेबलाच्या काचेखाली होता, हे कबूल करतो.) तो एका ठिकाणी फुटला की सर्व दारे उघडी पडतात.

ब्राउझरला जोडावयाचे पासवर्ड मॅनेजरचे एक्स्टेन्शन प्रत्येक ठिकाणासाठी निराळा, लांबलचक पासवर्ड तयार करते, तो कूटरूपात जपते आणि वेळेवर भरते. परंतु त्याचा खरा गुण निराळाच आहे. प्रत्येक पासवर्ड ते संकेतस्थळाच्या पत्त्याशी बांधून ठेवते. बोधचिन्ह, रंग, मांडणी हुबेहूब असली की आपला डोळा फसतो. एक्स्टेन्शन फक्त पत्ता पाहते, आणि त्यात एक अक्षर जरी बदललेले असले तरी गप्प बसते. अशा वेळी चिडून हाताने पासवर्ड टाकण्याचा मोह होतो. नेमके तेथेच थांबावे आणि पत्ता अक्षर अक्षर वाचावा.

हा रखवालदारही निर्धोक नाही. २०२२ मध्ये लास्टपास या कंपनीकडून ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रती चोरीस गेल्या. पासवर्ड कूटरूपात होते, तरी ज्यांचा मुख्य पासवर्ड दुबळा होता त्यांना धोका उरलाच. म्हणून मुख्य पासवर्ड चार-पाच असंबद्ध शब्दांचा असावा. तो विसरल्यास पुष्कळदा कंपनीही तिजोरी उघडून देऊ शकत नाही. तेव्हा बंद लखोट्यात घालून घरच्या कपाटात ठेवण्यास हरकत नाही. एक्स्टेन्शन ब्राउझरच्या अधिकृत दालनातूनच, निर्मात्याचे नाव पाहून घ्यावे. कार्यालयातील सामायिक संगणकावर उठण्यापूर्वी तिजोरीस कुलूप लावावे.

राहता राहिली बदली. कार्यभार सोपविताना पासवर्डची चिठ्ठीही हाती देण्याची आपल्याकडे सवय आहे. नव्याने येणाऱ्यास त्याच्या नावाचे खाते मिळावे. खाते कार्यालयाचेच असेल, तर त्याचा पासवर्ड त्याच दिवशी बदलावा.