बालवाडीतील पहिला अर्धा तास



बालवाडीतील शिक्षण गाणी-गोष्टींपासून सुरू होते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः त्याचा आरंभ उंबरठ्यावरच होतो. तीन-साडेतीन वर्षांचे मूल आईचे बोट सोडून आत येते, तेव्हा पुढे काय होणार हे त्याला ठाऊक नसते. त्याच्या भीतीचे मूळ पुष्कळदा या अनिश्चिततेत असते. म्हणून आगमनाचा क्रम दररोज एकच असावा : चपला रांगेत ठेवणे, पिशवी खुंटीला अडकवणे, हातपाय धुणे, बाईंना नमस्कार करणे आणि आपल्या जागी बसणे.

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच वस्तीच्या अंगणात गेली. स्वच्छता हा तेथील शिक्षणाचाच भाग होता. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर रूढ झाला.

ही कामे नुसती सांगून मुलांना येत नाहीत. बाईंनी ती सावकाश, मोजक्या शब्दांत करून दाखवावीत व नंतर मुलाला करू द्यावीत. एक गोष्ट अंगवळणी पडल्यावरच दुसरी शिकवावी. अक्षरओळख नसलेल्या मुलांसाठी प्रत्येक खुंटीवर फूल, पक्षी असे वेगळे चित्र लावावे.

रडणाऱ्या मुलाची नजर चुकवून आईने निघून जाऊ नये. त्याने दुसऱ्या दिवशी ते पदर अधिकच घट्ट धरते. ‘दुपारी न्यायला येते’ असे सांगून तिने निरोप घ्यावा व तो शब्द पाळावा. मजुरीस जाणाऱ्या मातेला थांबण्यास सवड नसते. अशा वेळी दार ठरल्या वेळी उघडे असणे आणि बाई दाराशी असणे, हाच तिला आधार होय. उशिरा आलेल्या मुलाला सर्वांदेखत बोल लावू नयेत. तो उशीर त्याचा नसतो.

ग्रामपंचायतीने मुलांच्या उंचीच्या खुंट्या, पाण्याची सोय व दाराशी थोडी सावली एवढे केले, तरी सेविकेचे काम पुष्कळ सुकर होईल. पर्यवेक्षकांनीही हजेरीपट तपासण्यापूर्वी एखादे दिवशी दार उघडण्याच्या वेळी येऊन मुले आत कशी येतात, ते अवश्य पाहावे.